चाळीस केबी आणि १८४ परार्ध

कोयना धरण हाताने भरायला घेतलं तर किती वेळ लागेल? त्यामागच्या शिवसागर जलाशयाची क्षमता १०५.२५ टीएमसी. घनमीटरमध्ये मांडली तर सुमारे २९८ कोटी. माइनक्राफ्ट या खेळातला एक ठोकळा बरोबर एक घनमीटरचा असतो, त्यामुळे हिशेब सोपा आहे. दर सेकंदाला पाण्याचा एक ठोकळा टाकायचा, जेवायला उठायचं नाही, झोपायचं नाही. धरण भरायला ९४ वर्षं लागतात. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस हेच काम बहुतेक वर्षी चार महिन्यांत उरकतो.

माझं घर साताऱ्यात आणि आजोळ सांगलीला. माझ्या आवडत्या व्हिडिओ गेमची यादी करायला बसलो की माझी मोजमापं याच दोन जिल्ह्यांतून येतात. माइनक्राफ्टचंच घ्या. २००९ साली मार्कुस पेर्सोन या स्वीडिश माणसाने तो लोकांपुढे ठेवला आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. त्यातलं जग एका बाजूला ६ कोटी ठोकळे, दुसऱ्या बाजूलाही ६ कोटी. म्हणजे ६० हजार किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद. क्षेत्रफळ ३६० कोटी चौरस किलोमीटर, आपल्या पृथ्वीच्या सगळ्या पृष्ठभागाच्या सातपट. सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटरचा, सांगली ८,५७२ चा. दोन्ही मिळून एक जोडी धरली तर अशा १ लाख ८९ हजार जोड्या त्या जगात मावतात.

आता चालून पाहू. खेळातला माणूस सेकंदाला ४.३ मीटर चालतो, ताशी साडेपंधरा किलोमीटर. साताऱ्याहून सांगलीचे सव्वाशेच्या आसपास किलोमीटर तो आठ तासांत तोडेल. पण खेळातला दिवस रात्रीसह २० मिनिटांचा. त्यामुळे या प्रवासात त्याच्या डोक्यावर सूर्य २३-२४ वेळा उगवेल आणि मावळेल. जगाच्या मध्यापासून कडेपर्यंत जायचं तर न थांबता ८० दिवस.

या खेळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र अवघ्या दोन बादल्यांची आहे. दोन ठोकळे लांब, दोन रुंद असा खड्डा खणायचा आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक बादली ओतायची. खड्डा भरतो, आणि मग त्यातून कितीही पाणी उपसा, कमी होत नाही. माणदेशातल्या, जत-आटपाडीच्या पोराला हा नियम कसा वाटत असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. तिथे टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी शेतापर्यंत पोचायला दशकं गेली. इथे दोन बादल्यांत काम होतं!

माइनक्राफ्टचं जग मोठं खरं, पण पुढच्या आकड्यापुढे ते अंगणाएवढंही नाही. नो मॅन्स स्काय हा खेळ इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या हेलो गेम्स या छोट्याशा कंपनीने ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आणला. त्यातल्या ग्रहांची संख्या अशी: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. ही वाचायची कशी? भास्कराचार्यांच्या लीलावतीतली दशमान पदांची यादी परार्धाशी संपते. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. इथे परार्धसुद्धा १८४ लागतात, आणि वर जवळपास अर्धा.

हे ग्रह कोणी एकेक करून रंगवलेले नाहीत, कुठे साठवूनही ठेवलेले नाहीत. ६४ जागा घ्यायच्या, प्रत्येक जागी ० किंवा १ ठेवायचा. जेवढ्या तऱ्हा होतील तेवढे ग्रह. तुम्ही यान घेऊन जवळ गेलात की त्या ग्रहाचा आकडा सूत्रात घातला जातो आणि डोंगर, समुद्र, प्राणी तिथल्या तिथे तयार होतात. तुम्ही निघून गेलात की पुन्हा नुसता आकडा उरतो.

२०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात ३० लाख ३ हजार ७४१ माणसं होती, सांगलीत २८ लाख २२ हजार १४३. तान्ह्या बाळांसकट सगळ्यांना हे ग्रह सारखे वाटले, तर प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर ३ लाख १६ हजार कोटी ग्रह लागतात. बांधावरून भांडण व्हायचं काही कारणच उरत नाही. शेजारी दिसायलाच काही पिढ्या जातील. एका ग्रहाला एक सेकंद दिला तरी सगळे पाहून व्हायला ५८ हजार कोटी वर्षं लागतील, आणि विश्वाचं वय आहे १,३८० कोटी.

ज्वारीत मोजून पाहा. बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत ६४ घरं भरायची. त्या दाण्यांची बेरीज या ग्रहांच्या संख्येपेक्षा बरोबर एकाने कमी भरते. ज्वारीच्या हजार दाण्यांचं वजन ३० ग्रॅम धरलं तर ही रास ५५ हजार कोटी टनांची होते. जगभरात सगळी तृणधान्यं मिळून वर्षाला पावणेतीनशे ते तीनशे कोटी टन पिकतात. म्हणजे साऱ्या जगाचं दोनशे वर्षांच्या आसपासचं पीक, तेही सगळं ज्वारीच्या रूपात.

इतकं कौतुक केलं, तरी नो मॅन्स स्काय माझ्या यादीत तळाला आहे. एक कोटी माणसांनी प्रत्येकी हजार ग्रह पायाखाली घातले, तरी दर १८४ कोटी ग्रहांमागे एकच पाहिलेला निघेल. उरलेल्यांवर कोणी गेलं नाही, जाणारही नाही. यंत्राला गुणाकार फुकट पडतो. शून्यं वाढवायला त्याला कष्ट नाहीत, आणि ज्याला कष्ट नाहीत त्या आकड्याने मी फार वेळ दिपून राहत नाही. तासाभरात तिसरा जांभळा डोंगर आला की पहिला कुठला होता ते आठवत नाही.

आता उलट दिशेने जाऊ. सुपर मारिओ ब्रदर्स, सप्टेंबर १९८५, निन्टेंडो. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला. संपूर्ण खेळ, आठ दुनिया, ३२ स्टेज, सगळी चित्रं, सगळं संगीत मिळून ४० केबी, म्हणजे ४०,९६० बाइट. संगणकात देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. तुम्ही वाचताय तो हा लेखच मारिओच्या निम्म्याहून जास्त जागा खातो, आणि यात उडी मारायची सोयसुद्धा नाही.

जागा वाचवायला त्या लोकांनी काय काय केलंय ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहिल्या स्टेजमधला ढग नीट बघा आणि मग खालचं झुडूप. चित्र एकच आहे. ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा. आम्ही शेकडो वेळा त्याखालून, त्यावरून गेलो, कोणाच्या लक्षात आलं नाही. कोपऱ्यात ४०० पासून उलटी मोजणी चालते, तेही सेकंद नव्हेत. एक आकडा ०.४ सेकंदाचा. म्हणजे त्या चारशेत खरे १६० सेकंदच मिळतात. वेळ कमी पडतोय ही आमची तक्रार अगदी रास्त होती.

आमच्याकडे हा खेळ आला तो मूळ जपानी यंत्रातून नव्हे, त्याच्या स्वस्त नकलांतून. टीव्हीच्या मागे वायर खोचायची, चॅनेल जुळेपर्यंत मुंग्या बघायच्या, कॅसेट चालली नाही की काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. कॅसेटवर छापलेलं असायचं '९९९९ इन १'. रोज एक खेळायचा म्हटला तर २७ वर्षं पुरणारे खेळ! त्या यंत्रासाठी जपान-अमेरिकेत अधिकृतपणे निघालेले सगळे खेळ एकत्र केले तरी दोन हजारांच्या आत राहतात. कॅसेटवाल्याने जगात नव्हते तेवढे खेळ विकले. आत पाच-पन्नास खेळ असायचे, मग तेच नाव बदलून, स्टेज बदलून पुन्हा. सेव्ह करायची सोय नव्हती, आणि भारनियमनाला आपण आठव्या दुनियेत पोचलोय याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

या ४० केबीत माणसं अजून खणताहेत. कमीत कमी वेळात मारिओ संपवण्याची जगभर चुरस आहे. आठ स्टेजमधूनच जाणारा रस्ता सापडला, आणि २०२१ साली पहिल्यांदा ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत खेळ संपला. तिथे एक गंमत कळली. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो, पण एक स्टेज संपवून दुसरी सुरू करायची का, हे खेळ दर २१ बदलांनीच तपासतो, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदाने. हे खेळाडू याला बसची उपमा देतात. आपण एसटी म्हणू. तुम्ही स्टँडवर जरा लवकर आलात तरी गाडी ठरल्या वेळीच सुटणार, आणि क्षणभर उशीर झाला तर पुढच्या गाडीपर्यंत थांबणार. म्हणून स्टेजमध्ये एक-दोन साठांश सेकंद वाचवून उपयोग नसतो; अख्खी गाडी आधीची पकडावी लागते. ३५ वर्षांहून जास्त काळ लोक एकाच खेळात सेकंदाचे तुकडे शोधत राहिले, ही संख्या मला त्या १८४ परार्धांहून मोठी वाटते.

कॉन्ट्रा या खेळाबद्दल एकच हिशेब. वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. एवढं दाबून सुरू केलं की तीनऐवजी ३० लाइफ. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी हा क्रम आधी १९८६ च्या ग्रॅडियस या खेळात स्वतःच्या सोयीसाठी ठेवला होता. रिमोटवर आठ बटणं. दहा वेळा दाबायच्या एकूण तऱ्हा १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४. एका प्रयत्नाला तीन सेकंद धरले तरी सगळ्या तपासायला १०२ वर्षं. आणि इंटरनेट नसताना हा एकच क्रम साताऱ्यातल्या पोरांना माहीत होता, आणि मे महिन्यात आजोळी गेलो की सांगलीतल्या पोरांनाही. एका मावसभावाकडून दुसऱ्याकडे, वहीच्या मागच्या पानावर बाण काढून.

टेट्रिसला सात आकार पुरतात. अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत तो केला. त्याची निन्टेंडोवरची आवृत्ती कधी कोणा माणसापुढे हात टेकेल असं कोणाला वाटलं नव्हतं, पण डिसेंबर २०२३ मध्ये १३ वर्षांच्या एका अमेरिकी मुलाने १५७ वी पातळी गाठली आणि खेळच गोठला.

आणि बुद्धिबळ. व्हिडिओ गेमच्या यादीत ते का, असं कोणी विचारेल. आज ते सर्वांत जास्त पडद्यावरच खेळलं जातं, आणि सांगलीचं नाव निघाल्यावर ते वगळणं मला जमणार नाही. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी वाढवलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ याच गावचं. पाच वेळा राष्ट्रीय विजेती आणि १९९१ ची आशियाई विजेती भाग्यश्री साठे-ठिपसे इथली, महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे इथली. पटावर घरं ६४. पहिल्या खेळीला पांढऱ्याला २० पर्याय, काळ्यालाही २०, म्हणजे दोन खेळ्यांत ४०० तऱ्हा. तीन खेळ्यांत ८,९०२. चारांत १,९७,२८१. पाचांत ४८,६५,६०९. सहांत ११,९०,६०,३२४. जगज्जेत्या कास्पारोवला १९९७ साली हरवणारा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला २० कोटी स्थिती तपासायचा. सहा खेळ्यांचा हा पसारा त्याने एका सेकंदाच्या आत संपवला असता. पुढे मात्र त्याचीही दमछाक आहे. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये एकूण डावांचा अंदाज बांधला: एकावर १२० शून्यं. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या एकावर ८० शून्यांच्या आसपास मानतात.

हाही आकडा मोठाच, मग मघाचा न्याय इथे का नाही? कारण इथल्या प्रत्येक डावाला समोर एक माणूस लागतो आणि प्रत्येक खेळी कोणीतरी डोकं खाजवून केलेली असते. सहा प्रकारची मोहरी आणि पानभर नियम यांतून एवढा विस्तार होतो. चाळीस केबीचंही तेच आहे. नियम थोडे, आणि त्यांतून माणसाला करण्यासारखं पुष्कळ. खेळ महत्त्वाचा ठरतो तो याने, नकाशाच्या लांबी-रुंदीने नव्हे.

तर माझा क्रम असा: पहिला मारिओ, मग बुद्धिबळ, तिसरा माइनक्राफ्ट तोही त्या दोन बादल्यांसाठी, पाठोपाठ कॉन्ट्रा आणि टेट्रिस, आणि सर्वांत शेवटी ते १८४ परार्ध ग्रह. वाद घालायचा असेल तर जरूर घाला. फक्त आधी मारिओची ८-४ ही शेवटची स्टेज एकही पाइप न चुकता पार करून या.