परसातील कोंबडीचे मरण आणि पहिले शील

वर्षावासातील एका धम्मचर्चेनंतर वृद्ध उपासिकेने विचारले : परसात पाच वर्षे सांभाळलेली कोंबडी चार दिवस पोट फुगून बसली आहे, दाणा टिपत नाही. पशुवैद्याकरवी तिला मरण दिले तर शील भंगते काय? काहीजण हसले. ज्या घरांत रविवारी कोंबडी शिजते तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही. म्हणूनच तो विचारणाऱ्या बाईंविषयी मला आदर वाटला.

अट्ठकथांनी प्राणातिपाताची पाच अंगे सांगितली आहेत : प्राणी, तो प्राणी असल्याची जाणीव, वधकचित्त, प्रयत्न आणि त्यायोगे घडलेले मरण. दयेने टोचलेल्या सुईतही ही पाचही अंगे पूर्ण होतात. तेव्हा 'हा वध नव्हेच' असे म्हणून सुटका नाही. विनयपिटकात तिसऱ्या पाराजिकाच्या विवरणात आजारी भिक्खूची कणव येऊन त्याच्यापुढे मरणाची प्रशंसा करणाऱ्या भिक्खूंची हकीगत आहे. तो भिक्खू मरण पावला, आणि हेतू दयेचा असूनही त्यांच्यावर पाराजिकच आले. मनुष्येतर प्राण्याच्या हेतुपुरस्सर वधास भिक्खूसाठी पाचित्तिय सांगितले आहे. म्हणजे दोष हलका, पण आहेच. अभिधम्माची दृष्टी याहून सूक्ष्म आहे. वधाच्या क्षणी चित्त द्वेषमूलक असते, असे ती मानते. समोरची वेदना आपल्याला पाहवत नाही, हा नकारही त्या द्वेषाचाच सौम्य प्रकार. आपण नक्की कोणाची वेदना थांबवीत आहोत, हे प्रत्येकाने येथे स्वतःला विचारावे.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे; अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, असे त्यांचे विवेचन आहे. नियम पाळला की माणूस मोकळा होतो. तत्त्व मात्र प्रत्येक प्रसंगी विचार करावयास लावते. अंडी देणे थांबले, खाद्य महाग झाले, ही गरज नव्हे.

गरज ठरविण्यासाठी पक्षी नीट पाहावा लागतो. कोंबडी दुखणे लपविते; पिसे फुलवून, शेपूट पाडून, डोळे मिटून ती कोपऱ्यात बसते तेव्हा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. तिला खुराड्यातून वेगळी काढून उबदार जागी ठेवावे, पाणी चोचीजवळ द्यावे व पशुवैद्यास दाखवावे. अंडे अडकले असेल तर वेळेवरच्या उपचाराने ती वाचू शकते. राणीखेत रोग लसीने टाळता येतो. तेथे आधीची हयगय हाच खरा दोष. मात्र बलक पोटात साचून दाह झालेली म्हातारी कोंबडी क्वचितच सावरते. ती उठू शकत नाही, पाणी घेत नाही, चोच उघडून श्वास ओढते आणि औषधाचा गुण येत नाही, अशा वेळी दिवस ढकलणे म्हणजे अहिंसा, असे मला वाटत नाही. तरीही निर्णय घेणाऱ्याने त्याला पुण्य म्हणू नये.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. अनेक पक्षी एकदम मरू लागले तर हा घरगुती प्रश्न राहत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला तेव्हा शासनाने पक्षी सरसकट नष्ट केले. अशा वेळी पक्ष्यांना हात न लावता पशुसंवर्धन खात्यास कळवावे.

पशुवैद्य गुंगीच्या औषधाची अधिक मात्रा देतात. पक्षी आधी शुद्ध हरपतो, मग हृदय थांबते. पशुवैद्य मिळत नसेल तर मान झटक्यात निखळविणे हा मान्य मार्ग आहे. परंतु तो सरावलेल्या हातानेच व्हावा, कारण अर्धवट प्रयत्नाने यातना वाढतात. पाण्यात बुडविणे किंवा पोत्यात बांधून टाकून देणे यांना दया म्हणता येत नाही.

मरणानंतर पंख काही वेळ फडफडतात. ती प्रतिक्षिप्त क्रिया असते, हे घरातील मुलांना आधीच सांगावे. श्वास थांबला आहे आणि डोळ्याला स्पर्श करूनही पापणी हलत नाही, याची खात्री करून थोडा वेळ थांबावे. औषधाने मेलेला पक्षी खाऊ नये, कुत्र्या-घारींना टाकू नये. विहिरीपासून दूर खोल पुरावा.