जुन्नरी कागद

ज्या धंद्यावर एखादें गांव नांवारूपास येतें, तो बुडाला म्हणजे गांव राहतें. परंतु त्याची जुनी ओळख लोपते. इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींवर वाढलेल्या खेड्यांची अशीच गत झाली. तेथील अखेरची खोल खाण २०१५ सालीं बंद पडली. असें गांव पाहण्यास सातासमुद्रांपलीकडे जावयास नको. शिवनेरीच्या पायथ्याचें जुन्नर त्याच पंक्तीचें आहे.

जुन्नरास जाणारा यात्रेकरू शिवजन्मस्थान पाहतो, लेण्याद्रीस गिरिजात्मजाचें दर्शन घेतो आणि परततो. येथील कागद दौलताबादी कागदाच्या जोडीनें एके काळीं महाराष्ट्रांत नांवाजलेला होता व पेशवाईचा कारभार त्यावर लिहिला जाई, हें त्याच्या ध्यानींमनींही नसतें. हा कागद करणारे कारागीर मुसलमान. ‘कागदी’ हें त्यांचें आडनांवच होऊन बसलें.

हातकागदाची कृति मोठ्या कष्टाची. तागाच्या जुन्या गोण्या व दोरखंडें तोडून चुन्याच्या पाण्यांत भिजवावयाचीं, कुटावयाचीं, पुनःपुन्हां धुवावयाचीं. तयार झालेला लगदा हौदांत कालवून बारीक काड्यांच्या चटईवर उचलावयाचा. ओला ताव भिंतीस चिकटवून वाळला म्हणजे त्यास खळ देऊन गुळगुळीत दगडानें घोटावयाचा. नाहीं तर बोरूची शाई फुटे.

१८१८ सालीं पेशवाई गेली. पुढें गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. १९४० सालीं पुण्यास हातकागद संस्था निघाली. तिनें विद्या जगविली. जुन्नरची पेठ मात्र पूर्वपदावर आली नाहीं.

आपल्या वाडवडिलांनीं सोवळ्यानें वाचलेल्या पोथ्या अशाच हातकागदावर लिहिलेल्या आहेत. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव व शक देतो, तेलापाण्यापासून तिला जपण्याची विनवणी करतो. कागद करणाराचें नांव मात्र कोठेंही नसतें. आमच्या विद्येचें हें ऋण अद्याप फेडावयाचें राहिलें आहे.

तें फेडण्याचा मार्ग घरांतच आहे. माळ्यावरचें गांठोडें सोडावें, एक पान उजेडासमोर धरावें. चटईच्या काड्यांच्या रेषा त्यांत बहुधा दिसतील. फाटल्या पानास चिकटपट्टी लावूं नये, पोथी ओलीजवळ ठेवूं नये, रद्दींत तर कदापि घालूं नये. घरीं सांभाळणें होत नसेल, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस विचारावें. अक्षर वाचतां येत नाहीं म्हणून कागद टाकून देणें हा त्या अनाम हातांचा दुसऱ्यांदा केलेला विसर ठरेल.