मैदान सुधारा, शाळा सावरेल

मराठी शाळेचा पट घटला की आम्ही सभा घेतो, निवेदने देतो. ते केलेच पाहिजे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी १९५६ साली घटनेत कलम ३५०-अ आले. पण पालक कलम वाचून शाळा निवडत नाहीत. शाळेचे आवार पाहून निवडतात. तेथे चिखल आणि काटेरी झुडपे दिसली, की मूल दुसऱ्या माध्यमाच्या गाडीत बसते.

खानापूरसारख्या धुवाधार पावसाच्या तालुक्यात आधी चर खणावी, मैदानाला उतार द्यावा. खड्डे मुरुमाने भरून वर तांबडी माती पसरावी, पाणी मारून रोलर फिरवावा. खो-खोची आखणी २७ बाय १६ मीटरची, कबड्डीची १३ बाय १० ची. यात्रेची वर्गणी काढणाऱ्या गावाला हे जड नाही. शाळा सुधारणा समितीने ठराव करावा, ट्रॅक्टरवाल्यांनी खेपा द्याव्यात, तरुण मंडळाने श्रमदान करावे, माजी विद्यार्थ्यांनी खांब द्यावेत. जमाखर्च मात्र शाळेच्या फळ्यावर लिहावा.

वर्गातली मराठी पुस्तकातून येते. खेळातली मराठी जिभेवर बसते. तिला जागा देणे आमच्याच हाती आहे.