उंची पाच फूट आठ इंच

शाळेच्या बास्केटबॉल संघात उंचीमुळे घेतलं नाही म्हणून आमचे चिरंजीव घुश्शात होते. मी त्याला मार्टिन सेंट लुईची गोष्ट सांगितली. कॅनडाचा हा आइस हॉकीपटू जेमतेम पाच फूट आठ इंच. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच निवडलं नाही. कॅलगरीनं घेतलं, पण २००० साली सोडून दिलं. २००४ मध्ये टॅम्पा बेकडून खेळताना लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचेच, वर स्टॅन्ली कपही!

निवृत्तीनंतर तो स्वतःच्या मुलांच्या संघांना शिकवायचा. तिथून फेब्रुवारी २०२२ मध्ये थेट मॉन्ट्रियलचा कोच झाला. संघातला कोल कॉफिल्डही ठेंगणाच. त्या हंगामात आधीच्या ३० सामन्यांत त्याचा एकच गोल होता. नव्या कोचच्या हाताखाली ३७ सामन्यांत २२.

"बाबा, हे आमच्या सरांना सांगशील?"

सोमवारी शाळेत जाणार आहे.