देह आपला, देह पात्राचा

कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला, की मालवण तालुक्यात, कट्टा पंचक्रोशीतही, देवळापुढे रात्रभर दशावतार रंगतो. पुरुष नटच स्वहस्ते रंगभूषा करून राजा, राक्षस वा स्त्री होतात. कोणी काय व्हावे, हे मात्र बहुतांशी अंगकाठी आणि आवाज ठरवतात. नाजूक बांध्याच्या नटाकडे स्त्रीपार्ट जातो, धिप्पाडाकडे राक्षस.

संगणकावरील अद्भुतरम्य खेळांत हा क्रम उलटतो. तेथे खेळाडू आधी पात्राचा देह घडवतो आणि त्यात स्वतःविषयीची इच्छा मिसळते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळणाऱ्या ५१ जणांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाडूंनी आपले पात्र स्वभावाने स्वतःहून सरस मानले होते. मनाने खचलेल्यांत ही तफावत अधिक आढळली.

देहाचा परिणाम त्याच वर्षीच्या, निक यी व जेरेमी बेलेन्सन यांच्या स्टॅनफर्डमधील प्रयोगांत दिसला. तेथे निवडीची मुभा नव्हती. आभासी उंची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटून दिली होती. उंच देह मिळालेल्यांनी पैशांच्या वाटणीत स्वतःकडे अधिक ओढले. बुटका देह लाभलेल्यांनी अन्याय्य वाटणीही सहज मान्य केली. उसना देह वागणेही वळवतो, तो असा.

म्हणूनच खेळ कोणते देह देऊ करतो, ही क्षुल्लक बाब नव्हे. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मध्ये मानवी पात्रासाठी चार बांधे आहेत. काही सडपातळ, काही पीळदार. स्थूल एकही नाही. पोट सुटलेल्या मुलाला आपल्यासारखाच वीर हवा असेल, तर तेथे त्याला दुसऱ्याचाच देह घ्यावा लागतो.