हिप्नोबर्थिंगला नवरा तयार नाही? आधी हे गैरसमज दूर करू

सहावा-सातवा महिना लागला की बायको हिप्नोबर्थिंगच्या, म्हणजे प्रसूतीसाठी स्वसंमोहन शिकवणाऱ्या, वर्गाची माहिती काढते. वर्गाला जोडीनं यायचं असतं. नवरा म्हणतो, ‘‘अगं, हे सगळं फॅड आहे. तू जा, पैसे मी भरतो.’’ ब्रिटनमध्ये कित्येक सरकारी रुग्णालयं स्वतःच असे वर्ग घेतात, पुण्या-मुंबईत खासगी वर्ग चालतात, आणि नवऱ्याची ही नाराजी दोन्हीकडे सारखीच भेटते.

या नाराजीत दोन गोष्टींची सरमिसळ असते. ‘याचा खरंच उपयोग होतो का?’ ही शंका, आणि ‘म्हणजे तिथे माझं काही काम नाही’ हा निष्कर्ष. शंका बऱ्याचदा रास्त असते, निष्कर्ष मात्र चुकतो. दोन्ही वेगवेगळं करून बोललं तर वाद कमी होतो आणि नवरा येण्याची शक्यता वाढते. काही गैरसमज नवऱ्याचे असतात, तसे काही बायकोचेही असतात. म्हणून दोघांनी मिळून वाचावं असं हे लिहिलं आहे.

गैरसमज १ : संमोहन म्हणजे शुद्ध हरपणार, दुसरं कुणी तिच्या मनाचा ताबा घेणार.

वस्तुस्थिती : संमोहन म्हटलं की स्टेजवरचे प्रयोग आठवतात, त्यामुळे नवऱ्याला काळजी वाटणं स्वाभाविक आहे. हिप्नोबर्थिंगमध्ये मात्र दुसरं कुणी तिला संमोहित करून ठेवत नाही. ती स्वतःच स्वतःला शांत करायला शिकते. पुस्तकात डोकं घातलेल्या माणसाला पहिली हाक ऐकू येत नाही, दुसरीला तो ‘ओ’ देतो, एवढीच ती एकाग्रता. ती बोलू शकते, उठू शकते, डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तर देऊ शकते, ‘आता बास’ म्हणू शकते.

वर्गात श्वासाचा सराव, अंग सैल सोडणं, घरी रोज ऐकायची ध्वनिफीत आणि प्रसूती टप्प्याटप्प्यानं कशी होते याची माहिती, एवढं असतं. गंभीर मानसिक आजार असेल किंवा पूर्वीचा एखादा मोठा आघात मनात असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

गैरसमज २ : हे इन्स्टाग्रामवरून आलेलं नवं खूळ आहे.

वस्तुस्थिती : यामागचा विचार नव्वद वर्षांहून जुना आहे. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज प्रसूतितज्ज्ञानं १९३३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. भीतीनं अंग ताठरतं, ताठरलेल्या अंगाला कळ जास्त दुखते आणि त्या दुखण्यानं भीती आणखी वाढते, असं त्याचं म्हणणं होतं. अमेरिकेत रॉबर्ट ब्रॅडली या डॉक्टरनं १९६५ मध्ये नवऱ्यानं बाळंतपणात बायकोला कशी साथ द्यावी यावर आख्खं पुस्तक लिहिलं. हिप्नोबर्थिंगचा आजचा गाजलेला अभ्यासक्रम मेरी मोंगन यांच्या १९८९ च्या पुस्तकातून पुढे आला.

जुनं आहे म्हणून खरं आहे, असं अर्थातच नाही. पण मुळाशी शरीरशास्त्र आहे. गर्भाशयाच्या कळा ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे येतात. माणूस घाबरला की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं आणि त्यामुळे ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा येऊ शकतो. भीती कमी करायची धडपड म्हणूनच निरर्थक नाही.

गैरसमज ३ : वर्ग केला की कळा दुखत नाहीत.

वस्तुस्थिती : हा गैरसमज बहुधा बायकोच्या बाजूचा असतो, आणि जाहिराती त्याला खतपाणी घालतात. इथे नवऱ्याची शंका खरी ठरते. ते मोकळेपणानं मान्य करावं.

डेन्मार्कमध्ये पहिलटकरणींवर एक मोठा अभ्यास झाला आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात १,२२२ जणी होत्या. काहींना तासाभराच्या तीन वर्गांत स्वसंमोहन शिकवलं, काहींना अंग सैल सोडण्याच्या इतर पद्धती, तर काहींना नेहमीचीच सेवा मिळाली. तिन्ही गटांत एपिड्यूरल, म्हणजे कमरेतून दिली जाणारी भूल, घेणाऱ्यांचं प्रमाण सारखंच, तीस टक्क्यांच्या आसपास राहिलं. ब्रिटनमधल्या ६८० जणींच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. तिथेही एपिड्यूरल घेणाऱ्यांचं प्रमाण स्वसंमोहन शिकलेल्यांत २७.९ टक्के आणि इतरांत ३०.३ टक्के, असा किरकोळ फरक दिसला. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०१६ मध्ये नऊ अभ्यास तपासले. संमोहनामुळे वेदनाशामक औषधांचा एकूण वापर थोडा कमी होत असावा, पण एपिड्यूरल कमी होते असं दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग हाती काय लागतं? ब्रिटिश अभ्यासात शिकलेल्या बायकांची बाळंतपणानंतरची भीती आणि चिंता त्यांनी आधी धरली होती त्यापेक्षा कमी निघाली. डेन्मार्कमध्ये स्वसंमोहन शिकलेल्यांनी बाळंतपणाचा अनुभव जास्त चांगला होता असं सांगितलं. कळा दुखतातच. त्यांना सामोरं जाताना माणूस कमी घाबरतो, हा खरा लाभ. बायकोनं नवऱ्याला एवढाच दावा सांगितला तर त्याच्याकडे नाही म्हणायला फारसं कारण उरत नाही.

गैरसमज ४ : हे डॉक्टरांच्या विरोधातलं आहे. सिझर झालं तर सगळं फुकट.

वस्तुस्थिती : भूल नको, औषध नको, सिझर तर नकोच, असं शिकवणारा वर्ग असेल तर तिथे जाऊ नये. चांगल्या वर्गात उलट प्रश्न विचारायला शिकवतात : या उपायाचा फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, थोडं थांबलं तर चालेल का? कळा सोसणाऱ्या बाईला हे प्रश्न सुचत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यानं ते शांतपणे, आवाज न चढवता विचारायचे असतात.

सिझर ठरलं तरी श्वासाचा सराव वाया जात नाही. ऑपरेशन टेबलवर पाठीत सुई घेताना आणि नंतर टाके दुखत असताना तोच श्वास उपयोगी पडतो. काही लक्षणं दिसली तर मात्र श्वास, ध्वनिफीत सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा : अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, हिरवट पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणं. ही यादी नवऱ्याला पाठ असायला हवी.

गैरसमज ५ : बाळंतपण हे बायकांचं काम. तसंही नवऱ्याला आत सोडत नाहीत.

वस्तुस्थिती : प्रसूतीच्या वेळी सोबत सतत कुणीतरी असण्याचा पुरावा हिप्नोबर्थिंगच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. कॉक्रेननं २०१७ मध्ये १७ देशांतले २६ अभ्यास तपासले. त्यात १५ हजारांहून अधिक बायका होत्या. ज्यांना सतत सोबत मिळाली त्यांची प्रसूती नैसर्गिकरीत्या होण्याचं प्रमाण जास्त होतं, सिझर कमी झाली, कळांचा काळ सरासरी सुमारे ४० मिनिटांनी घटला आणि वाईट अनुभव सांगणाऱ्याही कमी निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रत्येक बाईला तिच्या पसंतीचं माणूस सोबत मिळावं असं म्हटलं. वेदना सुसह्य करण्यासाठी श्वास, स्नायू सैल सोडणं, संगीत यांचीही त्यात शिफारस आहे.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीला मुभा दिली. स्वतः बाळंतपण अनुभवलेली नातेवाईक बाई सोबत असावी, आणि इतर बायकांचा खासगीपणा जपण्याची सोय असेल तिथे नवऱ्यालाही आत येऊ द्यावं, असं त्यात सांगितलं आहे. प्रत्यक्षात प्रत्येक दवाखान्याची रीत वेगळी असते. एका खोलीत चार-पाच खाटा असतील तर नवऱ्याला बाहेर थांबवतात, आणि त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. म्हणून कळा सुरू झाल्यावर दारात हुज्जत घालण्यापेक्षा सातव्या महिन्यातच ओपीडीत विचारून ठेवावं : लेबर रूममध्ये कोण येऊ शकतं, किती वेळ थांबू शकतं, सिझरच्या वेळी काय?

गैरसमज ६ : पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. मग त्यानं वर्गाला येऊन उपयोग काय?

वस्तुस्थिती : आपल्याकडची ही खरी अडचण आहे. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात कोल्हापूरला माहेरी, नवरा पुण्यात नोकरीवर. पण रोजचा सराव तिथूनही होतो. रात्री फोनवर दहा मिनिटं त्यानं मोजायचं आणि तिनं श्वास घ्यायचा. त्याच्या आवाजाची तिला सवय झाली की त्यानंच ध्वनिफीत तयार करून पाठवावी.

रजेची आखणीही आधीच करावी. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पितृत्वाची १५ दिवसांची रजा मिळते. ती प्रसूतीआधीच्या १५ दिवसांत किंवा नंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. खासगी कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात, ते आताच विचारून घ्यावेत. तो वेळेवर पोचलाच नाही तर तेच तंत्र आईला किंवा बहिणीला यायला हवं. म्हणून माहेरच्या एका माणसालाही शिकवून ठेवावं.

गैरसमज ७ : आधी त्याला पटलं पाहिजे, तरच तो येईल.

वस्तुस्थिती : पटण्याची अट घातली की महिने निघून जातात. श्रद्धा न ठेवताही श्वास मोजता येतो. म्हणून पटवण्याऐवजी नेमकं काम द्यावं.

पहिलं काम मोजणीचं. नाकानं आत घेताना चार अंक, हळूहळू बाहेर सोडताना सहा. असा एक श्वास दहा सेकंदांचा होतो. मिनिटभराची कळ म्हणजे असे सहा श्वास. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला कळ शिगेला पोचते, तेव्हा नवऱ्यानं तिला ‘अर्धी झाली’ एवढंच सांगायचं. कळा नेहमीच मिनिटाच्या हिशोबानं येतात असं नाही. काही लहान असतात, काही दीड मिनिटही टिकतात, पण मोजायची सवय दोघांना धरायला आधार देते.

दुसरं काम नोंदीचं. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ लिहायचा. दवाखान्यात फोन केला की हाच आकडा विचारतात. तिसरं काम हाताचं. कंबर भरून येते तेव्हा तळहाताच्या टाचेनं माकडहाडाच्या वर घट्ट दाब द्यायचा, आणि ती ‘नको’ म्हणाली की लगेच हात काढायचा. हा दाब आधीच घरी करून बघावा, म्हणजे किती जोर तिला बरा वाटतो ते कळतं. पाणी देणं, दिवे मंद ठेवायला सांगणं, येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांना थोपवणं, ही कामंही त्याचीच.

पूर्ण अभ्यासक्रमाचा आग्रह धरू नये. ‘एका वर्गाला ये, तुझ्या सगळ्या शंका तिथेच विचार’ असं म्हणावं. शिकवणाऱ्या बाईंनी त्या शंकांना सरळ उत्तरं दिली नाहीत, ‘दुखणारच नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं, तर त्याची शंका बरोबर होती असं मानून दुसरा वर्ग शोधावा.

गैरसमज ८ : तो येत नाही म्हणजे त्याला काळजीच नाही.

वस्तुस्थिती : नकारामागे कित्येकदा भीती असते. रक्त पाहिलं की काहींना घेरी येते. कुणाच्या बहिणीच्या किंवा वहिनीच्या बाळंतपणात काही विपरीत घडलेलं असतं. तिच्या वेदना पाहवणार नाहीत आणि आपल्याला काहीच करता येणार नाही, ही धास्तीही असते, पण पुरुष ती सहसा बोलून दाखवत नाहीत. ‘तू का येत नाहीस?’ या प्रश्नाला त्यामुळे उत्तर मिळत नाही. ‘तिथे काय होईल असं तुला वाटतं?’ असं विचारलं तर मिळू शकतं.

असं मोकळं बोलूनही त्याचा नकार कायम राहिला, तर जबरदस्ती करू नये. प्रसूतीच्या खोलीत स्वतःच घाबरलेल्या माणसाचा बाईला आधार होत नाही. आई, बहीण, मावशी किंवा जवळची मैत्रीण वर्गाला येऊ शकते. सतत सोबत हवी असं सांगणारा पुरावा ती सोबत नवऱ्याचीच हवी असं म्हणत नाही. नवऱ्यानं गाडीची, कागदपत्रांची, रक्ताच्या सोयीची आणि घरातल्या मोठ्यांना सांभाळण्याची जबाबदारी घ्यावी. बाळ घरी आल्यावर रात्रीची जागरणंही त्यानं वाटून घ्यावीत.

बोलणी मात्र आजच सुरू करावीत. वर्गाचा अर्ज समोर ठेवण्याआधी एका रात्री झोपताना सहा श्वास मोजायला सांगावं. मिनिटभराचं काम आहे, पैसे पडत नाहीत आणि कशावर विश्वासही ठेवावा लागत नाही. मोजून झाल्यावर तिला कसं वाटलं ते तिनं सांगावं आणि त्याला कसं वाटलं ते त्यानं. वर्गाला दोघांनी जायचं की तिनं बहिणीला घेऊन जायचं, हे त्यानंतर एकत्र बसून ठरवावं.