तंबूतली रात्र आणि खसखशीएवढी गोचीड

मे महिना आला की पुण्या-मुंबईचे अनेक आजी-आजोबा अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा लेकीकडे जातात. तिथल्या शाळांना सुट्टी लागली की सारे कुटुंब गाडीने भटकायला निघते. हॉटेलऐवजी स्टेट पार्कमध्ये, म्हणजे राज्य सरकारने राखलेल्या उद्यानात, तंबू ठोकून राहायचे. खर्च कमी, मुलांना मोकळे रान आणि रात्री शेकोटी. सामानात स्लीपिंग बॅगपासून थालीपिठाच्या भाजणीपर्यंत सगळे असते. एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते. रोज संध्याकाळी मुलांचे अंग नीट तपासणे.

कनेक्टिकट राज्यात समुद्राकाठी रॉकी नेक नावाचे असे एक उद्यान आहे. वाळूचा किनारा, झाडी आणि तंबूंची सोय असल्याने लहान मुलांच्या कुटुंबांना ते आवडते. तिथून जवळच लाइम नावाचे गाव आहे. १९७५ च्या सुमारास या भागातल्या कितीतरी मुलांचे गुडघे सुजू लागले. लहान मुलांचा संधिवात, असे निदान होत होते. पण एवढ्याशा परिसरात इतक्या मुलांना संधिवात? पॉली मरे या आईला ते पटेना. त्यांनी नोंदी ठेवल्या, आरोग्य खात्याला कळवले. येल विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅलन स्टीअर आणि सहकाऱ्यांना तपासात ५१ रुग्ण सापडले. त्यांपैकी ३९ मुले होती. काहींना आधी अंगावर लाल चट्टाही उठला होता.

आजाराला गावाचेच नाव मिळाले. हा जिवाणूंचा आजार असून ते गोचिडीच्या चाव्यातून शरीरात शिरतात. पूर्ण वाढ न झालेली गोचीड यात अधिक फसवी, कारण ती जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी असते. तिचा चावा दुखत नाही. मे ते जुलै हा तिचा मोसम, आणि सुट्ट्याही तेव्हाच.

दिलासा एवढाच, की चावल्याबरोबर आजार होत नाही. गोचीड साधारणपणे २४ तासांहून अधिक काळ चिकटून राहिली तरच लाइमचे जिवाणू शरीरात जातात. म्हणूनच संध्याकाळच्या तपासणीला एवढे मोल आहे. फिरून आल्यावर दोन तासांत मुलांना आंघोळ घालावी आणि केसांत, कानांमागे, काखेत, बेंबीत, कमरेभोवती, जांघेत व गुडघ्यांमागे बोट फिरवून पाहावे. मोठ्यांनी एकमेकांचेही पाहावे.

गोचीड दिसलीच तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावी. तेल, व्हॅसलीन, जळती काडी असले उपाय करू नयेत. जागा साबणाने धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी. गोचीड बराच वेळ चिकटली होती असे वाटल्यास तिथल्या डॉक्टरांना लगेच विचारावे. ७२ तासांच्या आत काही वेळा प्रतिबंधक औषधाचा एक डोस देता येतो.

चावा टाळण्यासाठी फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँटचे टोक मोज्यात खोचावे आणि पायवाटेच्या मधून चालावे. डीट असलेले मलम दोन महिन्यांखालील बाळाला लावू नये.

चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत वाढत जाणारा लाल चट्टा, ताप, अंगदुखी दिसू शकते. चट्टा सहसा खाजत वा दुखत नाही, त्यामुळे दुर्लक्ष होते. या टप्प्यावर प्रतिजैविकांनी आजार बरा होतो. वेळ गेली तर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, हृदयाचे ठोके बिघडणे किंवा काही महिन्यांनी गुडघा सुजणे असे त्रास होऊ शकतात.

गोचिडीचे भय आपल्यालाही नवे नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आणि गोव्यातल्या सत्तरीत माकडताप तिच्यामुळेच होतो. तो विषाणूचा आजार आहे, लाइम वेगळा. पण तीस दिवसांत सुट्टी संपते आणि आजोबा पुण्यात परततात. इथे ताप आला की डॉक्टर आधी डेंग्यू, मलेरियाचाच विचार करणार. शिवाय सुरुवातीच्या आठवड्यांत लाइमची रक्ततपासणी निर्दोष येऊ शकते. अशा वेळी ‘आम्ही अमेरिकेत तंबूत राहिलो होतो’ हे रुग्णाचे एक वाक्य डॉक्टरांच्या मोठ्या उपयोगाचे असते. ते न विचारताच सांगावे.